मीठ, चांदी, लोखंड आणि तरीही उघडलेलं दार : 'सुपरनॅचरल'च्या चौथ्या पर्वाची सलामी

'सुपरनॅचरल' ही मालिका १३ सप्टेंबर २००५ ते १९ नोव्हेंबर २०२० अशी १५ पर्वं चालली, एकूण ३२७ भाग. सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोन भाऊ गावोगाव फिरून भुतांची आणि सैतानांची, म्हणजे माणसाच्या देहात शिरणाऱ्या नरकातल्या जीवांची, शिकार करतात, अशी ही कथा. या १५ पर्वांच्या पहिल्या भागांत सगळ्यात सरस कोणता, याबद्दल माझं मत ठाम आहे : चौथ्या पर्वाचा 'लॅझरस रायझिंग'. अमेरिकेत सीडब्ल्यू वाहिनीवर तो १८ सप्टेंबर २००८ रोजी, गुरुवारी रात्री ९ वाजता लागला. इंदूरच्या घड्याळात तेव्हा शुक्रवारची सकाळ, साडेसहा. पोह्यांच्या ठेल्यांवर पहिली वाफ निघते ती वेळ. आपल्या पंचांगात मात्र पितृपक्ष चालू होता. योगायोगच, पण गेलेला माणूस आपल्या माणसांच्या दारात येऊन उभा राहतो अशा भागाला याहून नेमका पंधरवडा मिळाला नसता.

पुढे कथा सगळी उघड केली आहे. कोऱ्या मनानं पाहायचं असेल त्यांनी एवढा एक परिच्छेद वाचावा आणि थांबावं.

हा भाग एकटा पाहून चालत नाही. सुरुवातीला मागच्या घटनांची झलक येते, पण ती जुन्या प्रेक्षकाला आठवण देण्यापुरती. नव्याला त्यातून काही कळत नाही. ज्यांना आधीचे ६० भाग पाहायला सवड नाही, त्यांनी सात भाग तरी पाहावेत. पहिल्या पर्वाचा १ला, कारण आईचा मृत्यू आणि दोघा भावांचं वैर कुणाशी, हे तिथे कळतं. पहिल्याच पर्वाचा २२वा, कारण सैतानाला अडकवणारं वर्तुळ आणि भावांना वडिलांसारखा असलेला जुना शिकारी बॉबी सिंगर हे दोन्ही तिथे भेटतात. दुसऱ्या पर्वाचा १३वा; तो बरेच जण गाळतात आणि तिथेच चुकतात. त्यात देवदूत आला असं वाटतं आणि शेवटी ते एका पाद्र्याचं भूत निघतं. सॅम रोज प्रार्थना करतो आणि डीनचा देवावर काडीचा विश्वास नाही, हे त्यात स्पष्ट होतं. मग दुसऱ्याचे २१ आणि २२ : सॅम मरतो आणि त्याला परत आणण्यासाठी डीन चौरस्त्यावर सैतानाशी सौदा करतो, स्वतःच्या आत्म्याच्या बदल्यात एक वर्ष. तिसऱ्याचा ८वा, डीनच्या गळ्यातल्या ताइतासाठी. आणि तिसऱ्याचा १६वा, जिथे वर्ष संपतं आणि नरकातले अदृश्य कुत्रे डीनला फाडतात. लेखकांच्या संपामुळे तिसरं पर्व या १६व्या भागावरच संपलं, म्हणून तो घाईत मिटल्यासारखा वाटतो. तो दोष तिथला, इथला नाही. प्रत्येक भाग साधारण ४२ मिनिटांचा, म्हणजे एकूण पाच तासांना थोडं कमी. शनिवारी तीन, रविवारी दुपारी चार आणि रात्री हा, असं बसवलं तर कंटाळा येत नाही.

आता मुख्य भाग. डीन डोळे उघडतो ते शवपेटीत. काळोख, धाप, लायटरची एक ठिणगी आणि तिच्या उजेडात दिसणारी लाकडी फळी चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. घसा इतका सुकलेला की मदतीची हाक निघते ती खरखर होऊन. मग फळी फुटते, माती आत कोसळते आणि गवतातून एक हात वर येतो. दिग्दर्शक किम मॅनर्स यांनी इथे धीर धरला आहे. एरवी या मालिकेत दोन मिनिटांत कुणीतरी मरतं. इथे आपण एका माणसाचा श्वास ऐकत बसतो. तो वर आल्यावर कॅमेरा हळूहळू उंच जातो आणि दिसतं की थडग्याभोवतीची सगळी झाडं वर्तुळात आडवी झाली आहेत, मध्यभागी स्फोट व्हावा तशी. एक शब्द न बोलता कळतं की याला बाहेर काढणारी ताकद अफाट आहे. मॅनर्स आधी 'द एक्स फाइल्स'चे दिग्दर्शक होते, काळोख कसा वापरायचा हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. जानेवारी २००९ मध्ये ते गेले, म्हणून हा भाग पाहताना चाहत्यांच्या मनात थोडी कळ असते.

हाच प्रसंग घरच्या टीव्हीवर सर्वांत जास्त बिघडतो. पडद्यावर उजेड जेमतेम लायटरचा, त्यामुळे टीव्हीचा 'व्हिव्हिड' मोड लावलेला असेल तर काळोख राखाडी होतो किंवा डीनचा चेहरा पिवळाजर्द दिसतो. चित्राचा मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा. 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' बंद करा. तो चालू असला की लायटर पेटताच सगळा पडदा उजळतो आणि विझताच काळा गोळा होतो, फळीचे तपशील हरवतात. हालचाल गुळगुळीत करणारी सोय प्रत्येक कंपनीत वेगळ्या नावानं असते, बहुतेक वेळा त्या नावात 'मोशन' असतं, तीही बंद. खोलीतली ट्यूबलाइट बंद करून टीव्हीच्या मागे छोटा पिवळा दिवा ठेवला की डोळ्यांना ताण येत नाही आणि पडद्यावर प्रतिबिंबही पडत नाही. आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पाहू नका. वेग पडला की काळ्या भागात चौकोनी ठिपके दिसायला लागतात, कारण दर्जा उतरताना पहिला बळी गडद छटांचाच जातो. एचडीसाठी ५ एमबीपीएस पुरतात, पण ते सलग मिळायला हवेत. सप्टेंबरात इंदूरला पाऊस असतोच, वीज एखादा झटका देतेच; टीव्ही इन्व्हर्टरवर असेल तर राउटरही त्यावर घ्यायला विसरू नका, नाहीतर टीव्ही चालू आणि वायफाय बंद.

थडग्यातून निघालेला डीन एका ओस पेट्रोल पंपावर पोचतो. पाणी घटाघटा पितो, वर्तमानपत्रावर तारीख पाहतो : गुरुवार, १८ सप्टेंबर. कथेतली तारीख आणि प्रक्षेपणाची तारीख एकच. मे महिन्यात मेलेला माणूस चार महिन्यांनी परत आलाय. आरशात पाहतो तर कुत्र्यांनी फाडल्याची एकही खूण नाही, मात्र डाव्या खांद्यावर माणसाच्या हाताच्या पंज्याचा भाजल्यासारखा वळ. कुणीतरी हाताला धरून ओढून काढलंय. या भागातलं हे सर्वांत मोलाचं चित्र आहे, आणि त्यासाठी खर्च झाला असेल तो रंगभूषेच्या दोन तासांचा.

मग टीव्ही आपोआप चालू होतो, रेडिओ खरखरतो. डीन सवयीनं मीठ उचलतो आणि खिडकीच्या कडेवर ओततो.

इथे मालिकेच्या नियमांबद्दल बोलायला हवं, कारण या भागाची सगळी बांधणी त्यावर आहे. मीठ आपल्याकडेही आहे. दृष्ट काढताना मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकतात, तिथे मीठ वाईट नजर शोषून घेतं आणि मग जळतं. 'सुपरनॅचरल'मध्ये मीठ शोषत नाही, अडवतं. दारं आणि खिडक्या यांच्यावर सलग रेघ हवी. वाऱ्यानं किंवा कुणाच्या बुटानं बोटभर जागा मोकळी झाली तरी भूत आत येतं, आणि मालिकेत निम्मे अपघात असेच होतात. जाड मीठ काडतुसात भरून झाडलं तर भूत तात्पुरतं विरतं. कायमचं घालवायचं तर हाडं उकरायची, मीठ टाकायचं, जाळायची. लोखंडाचाही भुतावर तसाच परिणाम, आपल्याकडे चौकटीवर घोड्याची नाल ठोकतात त्याच जातकुळीतला. चांदी रूप बदलणाऱ्यांसाठी. पवित्र पाणी सैतानांसाठी, त्यांची कातडी त्यानं भाजते. सैतानी वर्तुळात सैतान अडकतो, पण रेघ कुठे खरवडली गेली की सुटतो. आणि रूबीची, म्हणजे सॅमला मदत करणाऱ्या एका सैतानाची सुरी, जी सैतानाला ठार मारते. तीन पर्वं, ६० भाग, प्रेक्षकानं हे नियम पाढ्यांसारखे पाठ केलेले आहेत.

आणि हा भाग ते एकेक करून निकामी करतो. पंपावर डीन मिठाची रेघ ओढतोय, तरी कानठळ्या बसवणारी शिट्टी वाढत जाते आणि सगळ्या काचा एकदम फुटतात. पहिल्या पाहण्यात आपल्याला एवढंच जाणवतं की काहीतरी चुकलं. डीनची चूक झालेलीच नसते. समोर जे आहे ते मिठाच्या यादीतलं नाही.

त्या शिट्टीसाठी आवाजाची मांडणी नीट करून ठेवा. शवपेटीतली कुजबूज ऐकू येईना म्हणून लोक आवाज वाढवतात, आणि चार-पाच मिनिटांनी शिट्टी आली की रिमोट शोधत धावतात. हेडफोन लावणाऱ्यांच्या तर कानाला इजा होण्याजोगं आहे ते. आवाजाची पातळी सुरुवातीच्या झलकेतल्या बोलण्यावरून ठरवा : संवाद आरामात कळले की तिथेच थांबा, शवपेटीत वाढवू नका. ती अर्धवट ऐकू यावी अशीच केली आहे. साउंडबारचा 'नाइट मोड' किंवा टीव्हीचा 'ऑटो व्हॉल्यूम' लावला तर शिट्टी आणि कुजबूज एकाच पातळीवर येतात आणि प्रसंगाचा कणाच मोडतो. सुदामानगर, लोकमान्यनगरच्या सदनिकांत सामाईक भिंती असतात, रात्री अकरानंतर ते बरं नाही. म्हणून साडेआठला सुरू करावं. साडेनऊच्या आत संपतो. चारजण मिळून पाहत असाल तर त्यानंतर सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात जायला अगदी योग्य वेळ होते, आणि सप्टेंबरात भुट्ट्याचा कीस ताज्या कणसांचा मिळतो. इंग्रजी उपशीर्षकं लावून ठेवा, बॉबीचे निम्मे शब्द दाढीतच राहतात.

बॉबीच्या घरचा प्रसंग म्हणजे या मालिकेचं लेखन कसं असावं याचा वस्तुपाठ. एरिक क्रिप्के यांनी मालिका निर्माण केली आणि हा भागही त्यांनीच लिहिला. दारात मेलेला डीन उभा. बॉबी आधी सुरी घेऊन अंगावर येतो. मिठी नाही, अश्रू नाहीत. डीन त्याचं पूर्ण नाव सांगतो, बायकोबद्दल सांगतो, तरी बॉबी परत धावून येतो, कारण रूप घेणाऱ्याला माहितीही असू शकते. डीन तीच चांदीची सुरी घेऊन स्वतःच्या दंडावर कापतो. कातडी जळत नाही. तेव्हा कुठे मिठी. आणि त्या मिठीनंतर लगेच तोंडावर पवित्र पाण्याचा शिपका, कारण चांदीनं सैतान ओळखता येत नाही, त्याची परीक्षा वेगळी. नियम काटेकोर पाळल्यामुळे भावना दुप्पट पोचते. जिम बीव्हर यांचा चेहरा त्या दोन परीक्षांच्या मधल्या क्षणी पाहा : विश्वास ठेवायची घाई आहे आणि ठेवायला भीतीही आहे.

इथे आणखी एक बारकावा आहे. शिकारी आपल्या माणसांना जाळतात, पुरत नाहीत. डीनला मात्र पुरलं, कारण सॅमनं हट्ट धरला; परत आणल्यावर शरीर लागेल म्हणून. एका ओळीत सॅमचे चार महिने कळतात.

सॅम पॉन्टियाक, इलिनॉय इथल्या मोटेलमध्ये सापडतो, थडग्यापासून जवळच, म्हणून सगळ्यांचा संशय त्याच्यावर : यानंच काहीतरी सौदा केला. त्यानं केलेला नाही, प्रयत्न करूनही कुणी केला नाही, आणि हे सांगतानाची त्याची शरम जॅरेड पॅडलेकी यांनी फार संयमानं दाखवली आहे. ताईत तो परत देतो. गाडीत मात्र त्यानं आयपॉड जोडून ठेवलाय आणि १९६७च्या इम्पालाचा असा अपमान डीनला नरकापेक्षा जास्त झोंबतो. हा विनोद छान बसतो. मोटेलमधल्या मुलीचा विनोद आणि पंपावरच्या मासिकाचा विनोद बसत नाहीत. आत्ता कबरीतून निघालेल्या माणसाच्या अंगावर ते बाहेरून चिकटवल्यासारखे वाटतात.

माझी खरी तक्रार पामेलाबद्दल आहे. भूतविद्या जाणणारी ही बाई ट्रेसी डिनविडी यांनी अशी उभी केली आहे की दोन मिनिटांत ती आवडायला लागते : तल्लख, धीट, हसरी. डीनला कुणी बाहेर काढलं ते शोधायला सगळे टेबलाभोवती हात धरून बसतात, ती डीनच्या खांद्यावरच्या वळावर हात ठेवते, कास्टिएल हे नाव तिला ऐकू येतं, तो तिला मागे फिर म्हणून बजावतो आणि ती फिरत नाही. तिचे डोळे जळून जातात. प्रसंग जबरदस्त आहे, त्या किंकाळीनं भाग वेगळ्याच पातळीवर जातो. पण त्यानंतर तिच्यासाठी कथा थांबत नाही. भावांच्या चेहऱ्यावर अपराधाची एक छटा येते आणि पुढच्याच प्रसंगात ते खाणावळीत सैतानांशी वाद घालत असतात. या मालिकेत स्त्रिया पुरुषांच्या कथेला गती देण्यासाठी जखमी होतात, हा जुना आक्षेप इथे खरा ठरतो.

खाणावळीचा प्रसंग मात्र हुशार आहे. सैतानांनाच ठाऊक नाही डीनला कुणी बाहेर काढलं, आणि ते घाबरलेत. नंतर सॅम एकटा तिथे परत जातो आणि नुसता हात पुढे करून सैतानाला देहातून हाकलतो : ना लॅटिन मंत्र, ना पाणी, ना वर्तुळ. म्हणजे नियम दोन्ही बाजूंनी मोडताहेत. एका भावापुढे साधनं निकामी आणि दुसऱ्याला साधनांची गरज उरलेली नाही. आणि मोटेलमधली ती मुलगी म्हणजे नव्या देहातली रूबी, हे तिथेच उघड होतं. केटी कॅसिडींच्या जागी आता जेनेव्हीव्ह कॉर्टीझ आहेत. या एका भागावरून त्यांना तोलू नये, त्यांच्या वाट्याला इथे फार थोडं आलंय.

आणि शेवटचं गुदाम. डीन आणि बॉबी भिंतींवर, जमिनीवर जगातल्या साऱ्या धर्मांतली संरक्षक चिन्हं रंगवतात. टेबलावर मीठ, लोखंड, चांदी, सुरी. ६० भागांत जमवलेलं सगळं सामान एका जागी मांडलेलं. कास्टिएलला बोलावण्याचा मंत्र म्हणून झाला, काहीच होत नाही. दोघं कंटाळून बसतात. हा रिकामा वेळ महत्त्वाचा आहे. तो नसता तर पुढचं इतकं लागलं नसतं. मग छताचे पत्रे थडथडतात. दारं उघडतात. एक साधा माणूस, कोट-टाय घातलेला, संथ चालत येतो, डोक्यावरचे दिवे फुटून ठिणग्यांचा पाऊस पडतो आणि तो एकाही चिन्हापाशी अडत नाही. मिठाची काडतुसं छातीत जातात, पाऊल थांबत नाही. रूबीची सुरी मुठीपर्यंत खुपसली जाते. तो खाली पाहतो, उपसून काढतो, टाकून देतो. बॉबीच्या कपाळावर दोन बोटं, बॉबी झोपतो. पंपावरच्या मिठापासून जी रेघ ओढायला घेतली ती इथे पुरी होते.

मिशा कॉलिन्स यांचा कास्टिएल इथे पहिल्यांदा येतो, आणि तो देवदूत आहे. मान किंचित कलती, पापणी न लवता पाहणं, खोल खरखरीत आवाज. माणसाचं शरीर त्याला नवं आहे हे चालण्यातून दिसतं. देह कुणा श्रद्धाळू माणसाचा, ज्यानं प्रार्थना करून तो देऊ केला. अंगात येण्याची कल्पना आपल्याला परकी नाही, ज्याच्या अंगात येतं त्याला 'झाड' म्हणायचा प्रघातही आहे; पण झाडाची परवानगी लागते ही अट मला फार अर्थपूर्ण वाटते, आणि पुढची पर्वं तिच्यावरच उभी राहतात.

पंखांसाठी त्यांनी पिसं चिकटवली नाहीत. वीज चमकते आणि मागच्या भिंतीवर दोन प्रचंड पंखांची सावली उलगडते, बस. 'सानंद' या संस्थेच्या नाट्यप्रयोगांना खंडवा रोडच्या विद्यापीठ सभागृहात वर्षानुवर्षं बसलेल्या इंदूरकराला हे सांगायला नको : एक दिवा नीट कोनात लावला की सावली जे करते ते कापड आणि थर्माकोल करू शकत नाही. सर्ज लाडूसर यांच्या प्रकाशयोजनेला इथे दाद द्यायलाच हवी. आज पाहतानाही हे चित्र जुनं झालेलं नाही. त्याच काळातल्या कितीतरी मालिकांचे संगणकी राक्षस आता पाहवत नाहीत.

मग कास्टिएल सांगतो की पंपावर आणि मोटेलमध्ये जे ऐकू आलं तो त्याचा खरा आवाज होता. काही मोजक्या माणसांना तो पेलतो, डीनला पेलेल असं त्याला वाटलं होतं. म्हणून दुसऱ्यांदा पाहणं इथे गरजेचं आहे. पहिल्या वेळी ती शिट्टी हल्ला वाटते. दुसऱ्या वेळी ती कुणीतरी धडपडत मारलेली हाक असते, आणि मिठाची रेघ ओढणाऱ्या डीनकडे पाहून वाईट वाटतं. पामेलाला दिलेली ताकीदही मग खरोखरची काळजी म्हणून ऐकू येते.

जेन्सेन ॲकल्स यांनी शेवटच्या प्रसंगात जे केलंय त्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही. नरकातलं काही आठवत नाही असं डीन सॅमला सांगून बसलाय, आणि आरशापुढे क्षणभर डोळ्यांत येऊन गेलेल्या तुकड्यांवरून आपल्याला माहीत आहे की हे खोटं आहे. आता देवदूत त्याला विचारतो, आपण वाचवले जाण्याच्या लायकीचे नाही असं तुला वाटतं का? ॲकल्स उत्तर देत नाहीत. राग चेहऱ्यावरून उतरतो आणि खाली जे असतं ते लहान मुलाचं असतं. प्रार्थना करणारा भाऊ दुसरीकडे रूबीसोबत, आणि देवदूत आला तो न मानणाऱ्याकडे. दुसऱ्या पर्वातला तो १३वा भाग पाहून ठेवा म्हटलं ते यासाठी.

हा भाग संपल्यावर लगेच पुढचा लावायचा मोह होईल. २५ सप्टेंबर २००८ला लागलेला तो दुसरा भाग चांगला आहे, पण त्यात परत भुतं, मीठ आणि लोखंड आहे, कारण तिथे साक्षीदार म्हणून जुनी भुतं उठतात. त्याच बैठकीत पाहिला तर पंखांची सावली डोळ्यांसमोरून लवकर पुसली जाते. तो दुसऱ्या रात्रीसाठी ठेवा, आणि त्या रात्री हवं तर टीव्हीचा आवाज दोन घरं वाढवा. त्यात शिट्टी नाही.